राखणीच्या कुत्रीला नाव ठेवताना

राखणीच्या कुत्रीचे नाव दिवसाउजेडी फारसे लागत नाही. दिवसा ती समोर असते, हाताने खूण केली तरी येते. नाव लागते ते रात्री, पावसाने झोडपलेले असताना, वाड्यातल्या शेळ्या एकाएकी उठून उभ्या राहिलेल्या असताना आणि ती भुंकत भुंकत रानाच्या कडेपर्यंत गेलेली असताना. त्या वेळी घरातल्या बाईने, म्हाताऱ्याने किंवा दहा वर्षांच्या पोराने दारात उभे राहून मारलेली हाक तिच्यापर्यंत पोचली पाहिजे आणि ती ऐकून तिने मागे फिरले पाहिजे. मोठ्या अंगाच्या राखणीच्या कुत्रीला नाव निवडताना ही पहिली कसोटी आहे, असे माझे ठाम मत आहे. बाकीच्या कसोट्या तिच्या मागून येतात. जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत तर या कसोटीवर कुत्रीचा जीव अवलंबून असतो.

इथली वस्ती कशी आहे ते डोळ्यांपुढे आणले म्हणजे हे पटेल. जव्हार म्हणजे मुकण्यांच्या संस्थानाची जुनी राजधानी, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच. मोखाडा त्याच्या पूर्वेला, नाशिककडच्या डोंगररांगांना टेकलेला. गाव म्हणून नकाशावर एक ठिपका दिसतो, पण प्रत्यक्षात ते अनेक पाड्यांत विखुरलेले असते. उतारावर थोडी घरे, खाली भाताची खाचरे, वर वरकस जमिनीत नागली आणि वरई, आणि तिथून लगेच झाडी. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस, सुमारे तीन हजार मिलिमीटर, चार महिन्यांत कोसळतो. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा समाजांची ही भूमी. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. मागे घरात म्हातारी माणसे, शेळ्या, कोंबड्या आणि कुत्री राहतात. घर राखायला त्या महिन्यांत दुसरे कोणी नसते. अशा घरात कोणी चाळीस किलो वजनाची कुत्री आणली, तर तिला काय म्हणून हाक मारायची हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

बहुतेकांना पहिल्यांदा सुचते ते भीतिदायक नाव. मोठी कुत्री आहे, राखणीला आणली आहे, तेव्हा वाघीण, चंडी, टायगर, डेंजर असे काहीतरी. या नावांमागे राखणीची जी कल्पना आहे ती मला मुळातच चुकीची वाटते. राखणीची कुत्री म्हणजे कोणावर तरी सोडायचे शस्त्र, अशी ती कल्पना आहे. जगभरच्या मेंढपाळांचा अनुभव याच्या उलट आहे. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या अमेरिकन दांपत्याने १९७० च्या दशकात हॅम्पशायर कॉलेजात कळपराख्या कुत्र्यांचा मोठा प्रकल्प सुरू केला. युरोप आणि तुर्कस्तानातल्या मेंढपाळांकडून आणलेल्या कुत्र्यांची पिल्ले त्यांनी अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना दिली आणि ती कशी वागतात ते वर्षानुवर्षे पाहिले. त्यांच्या मते चांगल्या राखणीच्या कुत्र्यात तीन गुण लागतात. ते कळपाजवळ राहते, कळपाला त्याच्यापासून इजा होत नाही आणि ते कळपाचे रक्षण करते. यांतला तिसरा गुण पहिल्या दोन गुणांच्या आधाराने उभा राहतो. शेळ्यांमध्ये वाढलेली, शेळ्यांना आपली माणसे समजणारी कुत्री परक्या जनावराची चाहूल लागली की मध्ये येऊन उभी राहते आणि मोठ्याने भुंकते. चोरपावलांनी आलेल्या जनावराचा डाव तेवढ्यानेच बिघडतो. झुंज क्वचित होते, आणि ज्या कुत्रीवर वारंवार झुंजायची वेळ येते ती फार दिवस जगत नाही.

आपल्याकडे समोर उभे असते ते बिबट्याचे संकट. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. इगतपुरीच्या पलीकडचा हा तालुका मोखाड्यापासून फार लांब नाही. तिथल्या बिबट्यांनी खाल्लेल्या भक्ष्याचा वजनाने ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा होता आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्यांपेक्षाही कुत्रीच जास्त. एकटे, मोकळे, रात्री अंगणात झोपलेले कुत्रे हे बिबट्याचे सहज मिळणारे अन्न आहे. म्हणून हिमालयातले गद्दी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, कारण बिबट्या मान धरतो. पट्ट्याच्या जोडीला दुसरे संरक्षण म्हणजे मालकाची हाक. तिने भुंकून सगळ्यांना उठवले, तिचे काम झाले, आता तिने वाड्यापाशी परत यायचे आहे. बिबट्याच्या मागे झाडीत शिरायचे नाही. तिचे नाव हे परत बोलावण्यासाठी आहे, आणि जे नाव उच्चारताना हाक मारणाऱ्याच्याच आवाजात चढ, राग आणि चिथावणी येते त्या नावाने तिला परत बोलावता येत नाही. ‘चंडी’ म्हणून ओरडून पाहा आणि ‘गंगे’ म्हणून हाक मारून पाहा. पहिल्या हाकेत हल्ल्याचा सूर आपोआप येतो, आणि कुत्रे शब्दाच्या आधी सूर ओळखते.

महाराष्ट्रात कुत्र्याचे सर्वांत प्रसिद्ध नाव वाघ्या. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीशेजारी वाघ्याचे स्मारक आहे. त्या कथेच्या ऐतिहासिक आधाराबद्दल आजही जोराचा वाद आहे आणि तो इथे सोडवायचे मला कारण नाही. खंडोबाच्या भक्तांनाही वाघ्या म्हणतात, आणि मार्तंडभैरवाच्या पायाशी कुत्रे असते. त्यामुळे देशावरच्या धनगराने आपल्या कुत्र्याला वाघ्या म्हणावे यात परंपरा आहे, भक्ती आहे आणि शोभाही आहे. त्याच नावाचे स्त्रीलिंगी रूप, वाघी किंवा वाघीण, मोठ्या कुत्रीला द्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे. जव्हार-मोखाड्यात मात्र ते देऊ नये, आणि त्याची दोन कारणे आहेत.

एक कारण अगदी व्यवहाराचे आहे. इथे वाघ म्हणताना पट्टेरी वाघ आणि बिबट्या असा भेद बोलण्यात नेहमी केला जात नाही, दोघांनाही वाघच म्हणतात. पट्टेरी वाघ या भागातून गेले, बिबटे राहिले, शब्द तोच राहिला. आता विचार करा, रात्री दोन वाजता एका घरातून ‘वाघी, वाघी’ अशी आरोळी उठली तर शेजारची घरे काय समजतील? लोक काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन धावत येतील. दोन-तीनदा असे झाले की पुढे ते यायचे थांबतील, आणि ज्या रात्री खरोखर बिबट्या दारात येईल त्या रात्री कोणी येणार नाही. पाड्यावर मदतीची हाक ही सगळ्यांच्या मालकीची असते. ती एका घराने कुत्रीच्या नावासाठी खर्चून टाकणे हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे.

दुसरे कारण श्रद्धेचे. वाघ इथे वाघोबा आहे, वाघदेव आहे. लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर, अशी त्याची ठाणी शिवारात, पायवाटेच्या कडेला आणि रानाच्या तोंडाशी दिसतात. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या अशा ठाण्यांचा अभ्यास रम्या नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी सुमारे दीडशे ठाण्यांची नोंद केली. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, तेव्हा या देवाला नैवेद्य होतो. गुरे राख, माणसे राख, तू आपल्या वाटेने जा, असे त्याच्याशी बोलणे होते. बिबट्याबरोबर एकाच डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या राहण्याची ही रीत आहे, आणि वनखात्याच्या कितीतरी फलकांपेक्षा ती जुनी आणि खोल रुजलेली आहे. ज्याच्यापासून राखण करायची त्याचेच नाव राखणदारणीला देणे आणि ते नाव दिवसातून दहा वेळा हाडहूड करताना घेणे, हे या श्रद्धेच्या शेजारी बसत नाही. बाहेरून येऊन इथे घर बांधणाऱ्याने तर हे आधी समजून घ्यावे.

याच विचाराने मी आणखी काही नावे बाजूला ठेवतो. कणसरी ही वारल्यांची धान्याची देवी, धरतरी ही भूमी, गावतरी ही गाय, हिमाय, पालघट या त्यांच्या पूजेतल्या देवता. ही नावे कानाला सुंदर आहेत, शहरी माणसाला ती ‘स्थानिक’ वाटतात, आणि म्हणून कुत्रीला ठेवावीशी वाटतात. हा मोह टाळलाच पाहिजे. ज्यांच्या लग्नात पालघटाचा चौक भिंतीवर लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही, त्यांच्या शेजारी राहून त्या देवीचे नाव कुत्रीला द्यायचे आणि वर ते कौतुकाने सांगायचे, हे मला असह्य वाटते. नद्यांची नावे तुलनेने मोकळी आहेत. वैतरणा, पिंजाळ, सूर्या या नद्या इथल्याच. पण वैतरणा हाकेला जड, आणि सूर्या हे मुलग्याचेही नाव.

माणसांच्या नावांचाही असाच प्रश्न आहे. आदिवासी समाजात वारावरून नाव ठेवायची जुनी चाल आहे. सोमवारी जन्मलेला सोमा, मंगळवारी मंगळ्या, बुधवारी बुध्या, आणि मुली सोमी, मंगळी, बुधी. नवी पिढी वेगळी नावे ठेवते, पण पाड्यावर आजही एखादी सोमी आजी असतेच. कुत्रीचे नाव सोमी ठेवणाऱ्याला त्या आजीचा अपमान करायचा नसतो. तरी अपमान होतो, कारण हाक तिच्याही कानावर पडते. आश्रमशाळेत आणि दवाखान्यात या समाजांतल्या लोकांच्या नावांना हसणारी माणसे त्यांनी भरपूर पाहिली आहेत. त्यात आपण भर घालू नये.

कोणी म्हणेल, कुत्रीच्या नावावर एवढा काथ्याकूट कशाला? तिला काय कळते? तिला बरेच कळते. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की आजूबाजूला तेवढ्याच मोठ्या आवाजात इतर लोक बोलत असले तरी कुत्री स्वतःचे नाव ओळखून तिकडे वळतात. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात हाक मारणाऱ्याला हे माहीत असावे. नावाचे पहिले अक्षर ठसठशीत हवे, शेवटचा स्वर लांबवता यायला हवा. मराठीत बाईमाणसाला हाक मारताना नावाचा शेवट ‘ए’कडे वळतो आणि तो हवा तेवढा लांबवता येतो. काळीची काळे होते, गंगाची गंगे. डोंगरात हाक घालण्यासाठी याहून चांगली सोय दुसरी नाही. नाव दोन, फार तर तीन अक्षरांचे असावे. ‘बस’, ‘ये’, ‘हाड’ या रोजच्या शब्दांशी त्याचा गोंधळ होऊ नये, म्हणून बसंती हे नाव मी कधी ठेवणार नाही. आणि नाव असे हवे की घरातल्या सगळ्यांच्या तोंडी ते बसेल. मालकाला आवडले पण शेळ्या चारणाऱ्या आजोबांना उच्चारता येत नाही, असे नाव पाटीवर शोभेल, रानात कामाचे नाही.

शिवाय नाव फक्त कुत्रीसाठी नसते, ते माणसेही ऐकतात आणि त्याप्रमाणे वागतात. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना एक पत्र पाठवले आणि २३ जातींची कुत्री हिंस्र ठरवून त्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद करायला सांगितले. त्या यादीत तुर्की मेंढपाळांचे कांगल आणि अकबाश, बाल्कनचे शारप्लानिनाक अशा पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखणाऱ्या जाती होत्या. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते पत्रक रद्द केले. पण ‘हिंस्र’ हा शिक्का एकदा बसला की तो कागदावरून पुसून लोकांच्या मनातून जात नाही. ज्याने आपल्या कुत्रीला डेंजर म्हटले त्याने हा शिक्का स्वतःच्या हाताने मारला. पुढे तिने कोणाकडे पाहून नुसता दात विचकला तरी लोक म्हणतील, नावच तसे आहे. साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेने २८५ मुलींची ‘नकुशी’ ही नावे समारंभपूर्वक बदलली. मुलीची आणि कुत्रीची बरोबरी मी करत नाही, ती करणे पाप आहे. पण नाव ठेवणाऱ्याच्या मनातले सगळे नावात उतरते आणि ज्याला ते नाव मिळते त्याला ते जन्मभर वागवावे लागते, हे महाराष्ट्राला त्या घटनेने पुरेसे शिकवले आहे.

आता ती कुत्री आहे, कुत्रा नाही, या गोष्टीकडे येतो. आपल्या लोकस्मृतीत नावानिशी राहिलेली कुत्री बहुतेक नर आहेत. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या खंड्याची समाधी संगम माहुलीला आहे. वाघापासून त्याने महाराजांना वाचवले अशी आख्यायिका सांगतात. वाघ्या, खंड्या, मोती, राजा. मादीचे नाव आठवायला बसले तर अडखळायला होते. पाड्यावर पिल्ले झाली की नर पिल्ले लगेच उचलली जातात. मादी पिल्ले मागे राहतात, मग एखाद्या दिवशी गोणीत घालून बाजारात किंवा एसटी स्टँडवर सोडली जातात. मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, नरांच्या झुंडी दारात जमतात, पुन्हा पिल्ले होतात, खायला घालायचे कोणी, हे कारण खरे आहे. त्याच्यावरचा नसबंदीचा इलाजही आता कोणाला अपरिचित नाही. नामिबियात चीता कॉन्झर्वेशन फंड ही संस्था १९९४ पासून शेतकऱ्यांना राखणीची अनातोलियन कुत्री देते, नर आणि मादी दोन्ही, आणि नसबंदीची अट घालते. त्या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांनी गुरांचे नुकसान ८० ते १०० टक्क्यांनी घटल्याचे सांगितले. मादी राखण करत नाही, ही समजूत कोणत्याही मेंढपाळ परंपरेत टिकणारी नाही.

आणि आपल्या परंपरेत तर ती अजिबात टिकत नाही. भारतीय वाङ्मयात नाव घेऊन येणारी सर्वांत जुनी कुत्री मादी आहे, आणि ती गुरांच्या शोधाला जाते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १०८ व्या सूक्तात सरमा ही इंद्राची दूती रसा नदी ओलांडून पणींकडे जाते. त्यांनी गाई लपवून ठेवलेल्या असतात. ते तिला आधी धमकावतात, मग आमिष दाखवतात, तू आमची बहीण हो, इथेच राहा, गाईंतला वाटा घे म्हणतात. ती त्यांना नाकारते. राखणदाराला लागणारा सगळ्यात अवघड गुण तिच्यात आहे, ती कोणाच्या तुकड्याला भुलत नाही. महाभारताच्या आदिपर्वात हीच सरमा पुन्हा येते. जनमेजयाच्या भावांनी तिच्या पिल्लाला यज्ञाच्या जागी मारहाण केली. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते, चाटलेही नव्हते. ती राजासमोर उभी राहते आणि विचारते, याचा अपराध काय? उत्तर मिळत नाही तेव्हा ती शाप देते, आणि राजा त्या शापाने अस्वस्थ होऊन पुरोहित शोधत फिरतो. एका कुत्रीने राजसत्तेला जाब विचारावा असा हा प्रसंग आपण महाभारताच्या दारातच वाचतो आणि पुढे विसरून जातो. सरमा हे नाव मी एखाद्या संस्कृत शिकवणाऱ्या घरात आनंदाने ठेवीन. पाड्यावर मात्र ते कोणाच्या तोंडी नाही, आणि तिथे ते वाड्याबाहेर उभे राहून हाक मारायच्या कामाला येणार नाही.

मग ठेवायचे काय? याचे उत्तर मला एका दूरच्या बेटावरून मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर वॉर्नम्बूल गावाजवळ मिडल आयलंड नावाचे छोटे बेट आहे. तिथे छोटे पेंग्विन घरटी करतात. ओहोटीला कोल्हे चालत बेटावर यायचे, आणि २००५ पर्यंत त्या शेकडो पेंग्विनांतले दहासुद्धा उरले नाहीत. एका कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याने सुचवले की माझ्या कोंबड्या मरेम्मा जातीची कुत्री राखते, तसे पेंग्विनही राखेल. २००६ साली ऑडबॉल नावाची मरेम्मा मादी बेटावर गेली आणि पुढच्या वर्षांत पेंग्विनांची संख्या शंभराच्या वर गेली. तिच्यानंतर युडी आणि टुला या दोन बहिणी आल्या. ही नावे आली कुठून? छोट्या पेंग्विनाचे शास्त्रीय नाव युडिप्टुला. त्याचेच दोन तुकडे करून दोघींना दिले. ज्यांना राखायचे त्यांचेच नाव राखणाऱ्यांना. त्या नावात कोल्ह्याचा मागमूस नाही, दहशत नाही, आणि हाक मारणाऱ्या प्रत्येकाला दर वेळी आठवण होते की ही इथे कशासाठी आहे.

हीच दिशा मला बरोबर वाटते. राखणीच्या कुत्रीचे नाव तिने कोणाला घाबरवायचे यावरून पडू नये, ती काय जपते यावरून पडावे. जव्हार-मोखाड्यात ती काय जपते? शेळ्या, खळ्यावरची नागली, आणि घर. नागली हे नाव चांगले आहे, ‘नागले’ अशी हाकही लांबते, रंग तांबूस असेल तर शोभेलही. पण त्यातला नाग पावसाळ्याच्या रात्री ऐकू आला तर पुन्हा वाघाचाच प्रश्न उभा राहतो. शेळीवरून नाव ठेवले तर शेळ्या आणि कुत्री दोघीही एका हाकेला येतील. राहते ते घर.

इथले जुने घर कारवीचे. पावसाळ्यानंतर डोंगरउतारावरच्या कारवीच्या काठ्या तोडून आणायच्या, उभ्या एकमेकींना लावून बांधायच्या आणि वर शेणमातीचा गिलावा द्यायचा, की कूड तयार. त्याच कुडावर गेरूचा हात फिरवून तांदळाच्या पिठाने वारली चित्रे उमटतात. हीच भिंत थंडीत वारा अडवते आणि रात्री बाहेरचे जनावर बाहेर ठेवते. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा डोंगर जांभळा होतो आणि मधमाश्या भरून येतात. एरवी ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. माझ्या मते जव्हार-मोखाड्यातल्या मोठ्या राखणीच्या कुत्रीला याहून योग्य नाव नाही. कारवी. पहिले अक्षर ठसठशीत, शेवट लांब, ‘कारवेऽऽ’ अशी हाक समोरच्या टेकडीवर जाते. पूजेतल्या देवतेचे ते नाव नाही, पाड्यावर सहसा कोणा बाईचेही नाही, कोणाला घाबरवणारे नाही. पाड्यावरच्या लहान पोरालाही त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आणि कुत्री त्या भिंतीचेच काम करते, घराच्या आणि रानाच्या मध्ये उभे राहण्याचे.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, नाहीतर हा सगळा विचार पोटभरल्या माणसाचा ठरेल. मोठी कुत्री एका माणसाएवढे खाते. ज्या भागाचे नाव १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे साऱ्या देशाने ऐकले आणि जिथे कुपोषणाचा प्रश्न आजही पुरता संपलेला नाही, तिथे केवळ दिमाखासाठी असे जनावर बाळगू नये. चार शेळ्यांसाठी पाड्यावरची गावठी कुत्री पुरेशी आहे, ती इथल्या पावसाला आणि उन्हाला सरावलेली आहे, आणि नाव तिलाही द्यावे. कळप मोठा असेल, शेळ्या विकून वर्षाचा खर्च चालत असेल आणि बिबट्याने वारंवार त्रास दिला असेल, तरच मोठ्या कुत्रीचा हिशेब जुळतो. तेव्हाही दाट केसांची, थंड मुलखातली जात इथल्या दमट हवेत आणू नये. पिल्लू दोन महिन्यांचे असतानाच शेळ्यांच्या वाड्यात ठेवावे, तिथेच वाढवावे आणि रात्री बंदिस्त जागेत ठेवावे. साखळीला बांधलेली कुत्री बिबट्यासमोर लढूही शकत नाही आणि पळूही शकत नाही.

नाव कोणी ठेवायचे, यावरही माझे मत पक्के आहे. पैसे देऊन कुत्री आणणाऱ्याचा तो हक्क नाही. दिवसभर तिच्याबरोबर रानात जाणारा जो कोणी असेल, बहुधा घरातले म्हातारे माणूस किंवा शाळेतून आल्यावर शेळ्यांमागे जाणारी मुलगी, त्याने किंवा तिने नाव ठेवावे. मी कारवी सुचवतो, पण त्या मुलीने तिला काळी म्हटले तर काळी हेच तिचे नाव, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरावे. एकाच कुत्रीला मालकाने एक, गड्याने दुसरे आणि पाहुण्यांनी तिसरे नाव लावले की ती कोणाच्याच हाकेला येत नाही.

नाव ठरले की पिल्लू तीन महिन्यांचे होताच तिला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, रेबीजची लस टोचून घ्या, नसबंदी कधी करायची ते डॉक्टरांना विचारा आणि लसीच्या कार्डावर तिचे नाव लिहून घ्या.